दोन कॉलिंगवुड, तीन बोझनकेट आणि मास्तरांची एक फेकाफेक

नमस्कार मंडळी. या महिन्यात पत्रं भरपूर आलीत आणि त्यातली निम्मी मला शिव्या घालणारी आहेत, सभ्य भाषेत पण शिव्याच. कारण मागच्या अंकात याच पानावर मी एक वाक्य ठोकून दिलं होतं ते साफ चुकलं. तेव्हा आधी तेच घेऊया, बाकीचे मग.

फोंड्याहून एक वाचक, एम. ए. इतिहास : मास्तर, तुम्ही लिहिलंत की 'सगळा इतिहास म्हणजे विचारांचा इतिहास' म्हणणारा तत्त्वज्ञ कॉलिंगवुड हा ट्रफॅल्गरच्या लढाईतल्या ऍडमिरल कॉलिंगवुडचा पणतू. आमचे आजोबा तारवटी, तीस वर्षं बोटीवर काढलीत, त्यांना तो ऍडमिरल बरोब्बर माहीत. ते म्हणतात पणतूच असणार, आडनाव काय आभाळातनं पडतं का. मी म्हणते नाही. शंभर रुपयांची पैज लागलीय. कोण जिंकलं सांगा आणि कशावरून तेही सांगा, कारण आजोबा पुरावा मागतात.

पोरी, शंभर रुपये तुझे. आजोबांना माझ्यातर्फे सॉरी म्हण, त्यांना मीच फसवलं.

आता कशावरून ते सांगतो. ऍडमिरल कथबर्ट कॉलिंगवुड, जन्म १७४८, न्यूकॅसलचा, टाइन नदीकाठचा. त्याला मुली दोनच, मुलगा नाही. ट्रफॅल्गरनंतर त्याला लॉर्ड केलं, पण मुलगा नसल्यानं १८१० मध्ये तो गेला आणि ती पदवीपण त्याच्याबरोबर गेली. म्हणजे बाप-मुलगा-नातू अशी आडनावाची सरळ ओळ त्याच्यापासून खाली येतच नाही. एक गंमत मात्र आहे, त्याच्या जावयानं सासऱ्याचं आडनाव आपल्या नावाला जोडून घेतलं आणि पुढं १८२८ मध्ये सासऱ्याची पत्रं पुस्तकरूपानं काढली. आपल्याकडं घरजावयाला लोक काय काय बोलतात, पण या जावयानं पत्रं जपली म्हणून तो ऍडमिरल आज आपल्याला माणूस म्हणून कळतो हेही खरं.

तत्त्वज्ञ रॉबिन जॉर्ज कॉलिंगवुड, जन्म १८८९, इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला. बाप चित्रकार आणि रस्किन नावाच्या कलासमीक्षकाचा सेक्रेटरी, आजा पण चित्रकार. माझी गाडी घसरली ती इथंच. त्याचं झालं असं, मला आठवत होतं की ऍडमिरललाही चित्रकलेचा नाद होता. तरुणपणी वेस्ट इंडीजमध्ये अँटिग्वाला तो आणि नेल्सन, म्हणजे पुढं ट्रफॅल्गरला ब्रिटिशांचा सेनापती झाला तो, एकत्र होते तेव्हा दोघांनी एकमेकांची चित्रं काढलीत, नेल्सनचे तापानं केस गेलेले म्हणून त्याच्या डोक्यावर विग आहे आणि तो विग इतका बेंगरूळ दिसतो की बघून हसूच येतं. मग मी मनात जोडलं, इकडं चित्रं तिकडं चित्रं, आडनाव एक, मग काय रक्तातच असणार, आणि दिलं लिहून पणतू. कुणाला विचारलं नाही, काही उघडून बघितलं नाही. रात्री अकराला मॅटर द्यायचं होतं हे कारण संपादकांना चालतं, तुम्हाला चालू नये.

ते आडनाव मुळात एका गावाचं आहे म्हणे, इंग्लंडात स्टॅफर्डशर भागातलं, आणि त्याचा अर्थ 'ज्याच्या मालकीवरून भांडण आहे ते रान' असा सांगतात. म्हणजे आपल्याकडच्या अर्ध्या जमिनींना हे नाव देता येईल. आपल्यात कसं, बोरकर म्हटला की बोरी, मडगांवकर म्हटला की मडगांव, पण म्हणून दोन मडगांवकर एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहीत. तसंच ते.

आता पैज संपली, पण विषय इथं संपवला तर ते पाप होईल, कारण खरी मजा पुढंच आहे. नातं नसताना या दोघांची गाठ पडते, आणि ती पडते ट्रफॅल्गरवरच.

पहिल्या महायुद्धात आपला तत्त्वज्ञ लंडनला ऍडमिरल्टीच्या, म्हणजे आरमार खात्याच्याच गुप्तवार्ता विभागात नोकरीला होता. टेबलावरची नोकरी, बोटीवरची नव्हे. रोज चालत ऑफिसला जायचा आणि वाटेत केन्सिंग्टन गार्डन्समध्ये अल्बर्ट मेमोरियल लागायचं, राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचं ते भलंमोठं सोनेरी स्मारक. ते त्याला इतकं घाण वाटायचं की बघवायचं नाही. दुसरा कोण असता तर रस्ता बदलला असता. हा रोज तिथनंच जायचा आणि स्वतःला विचारायचा, की स्कॉटसारख्या आर्किटेक्टनं हे असलं का केलं? त्याला करायचं तरी काय होतं? मी यात जे शोधतोय ते त्यानं करायचा प्रयत्नच केला नसेल तर? त्यातनं त्याला ती गोष्ट सुचली जिला तो प्रश्नोत्तरांचं तर्कशास्त्र म्हणतो. म्हणजे कुठलंही वाक्य, कुठलीही वस्तू, हे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं आणि तो प्रश्न काय हे कळल्याशिवाय उत्तर बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही.

हे फार भारी वाटत असेल तर पणजीला जा. जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे ना, रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ चा. काळा झगा, दोन्ही हात पुढं केलेले, आणि समोर एक बाई मागं कोसळतेय. मी एकदा फेरीबोटीची वाट बघत तिथं अर्धा तास उभा होतो तर पर्यटकांचा एक घोळका आला आणि त्यातला एकजण बाकीच्यांना छातीठोकपणे सांगत होता की हा कोण पोर्तुगीज राक्षस होता, बायकांचे गळे दाबायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या, सेल्फी काढले आणि गेले. आता पुतळा तोच, हात तेच. पण 'हा माणूस हिचं काय वाईट करतोय' असा प्रश्न घेऊन बघितलं की गळाच दिसणार. फारिया आपला कांदोळीचा, १७५६ चा जन्म, पॅरिसला जाऊन त्यानं माणसाला संमोहनाची झोप लागते ती समोरच्याच्या हातातल्या कसल्या जादूनं नव्हे तर झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनानं, असं सांगितलं. हे माहीत असलं की प्रश्न बदलतो, आणि मग ती बाई पडत नाही, झोपेत जातेय असं दिसायला लागतं, आणि त्या पुढं केलेल्या हातांत काहीच नाहीये हेच शिल्पकाराला सांगायचं होतं की काय असंही वाटायला लागतं. (हे शेवटचं माझं मत, कामतांच्या नावावर खपवू नका. एकदा फेकून झालंय, दुसऱ्यांदा नको.)

बरं, ट्रफॅल्गर. २१ ऑक्टोबर १८०५, स्पेनच्या किनाऱ्याजवळ. ब्रिटिशांची २७ मोठी जहाजं, फ्रेंच-स्पॅनिश मिळून ३३. नेल्सननं दोन रांगा केल्या, एक आपली, दुसरी कॉलिंगवुडची, आणि समोरच्या लांबलचक ओळीत आडवं घुसून ती तोडायची असा बेत. कॉलिंगवुडच्या 'रॉयल सॉव्हरिन'च्या बुडाला नुकताच नवा तांब्याचा पत्रा मारलेला होता, आजोबांना विचार, बुडाला शेवाळ आणि शिंपले नसले की बोट कशी पळते, त्यामुळं ती बाकीच्यांना मागं टाकून एकटीच पुढं गेली आणि दुपारी बाराच्या सुमाराला एकटीच शत्रूच्या ओळीत शिरली. काही वेळ तिच्यावर चहूबाजूंनी तोफा आणि आपलं म्हणावं असं जवळ कोणी नाही. त्याआधी नेल्सननं तो प्रसिद्ध निशाणांचा संदेश दिला, इंग्लंडची अपेक्षा आहे वगैरे, तर कॉलिंगवुड म्हणे कुरकुरला की आता निशाणं पुरे कर बाबा, काय करायचं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मला हा माणूस आवडतो तो यासाठी. साडेचारच्या सुमाराला नेल्सन गेला, मग सगळी सूत्रं याच्या हातात आली, आणि पाठोपाठ वादळ आलं. इतिहासात नाव एकाचंच राहतं, दुसरा आवराआवर करतो.

आणि याच लढाईचं उदाहरण आपला तत्त्वज्ञ १९३९ च्या आपल्या आत्मचरित्रात घेतो. गोष्ट अशी सांगतात की डेकवर नेल्सनला कोणीतरी सुचवलं, छातीवरचे बिल्ले काढा, शत्रूचे बंदूकवाले नेम धरतील. तो म्हणाला ते मानानं मिळवलेत, मानानंच त्यांच्यासकट मरेन. तत्त्वज्ञ म्हणतो, हे वाक्य मला कळतं म्हणजे नक्की काय होतं? तर नेल्सननं जो विचार केला तोच विचार मी माझ्या डोक्यात पुन्हा करतो, त्याची भीती किंवा त्याचं दुखणं नव्हे हां, विचार. मी काय डेकवर उभा नाही, मी खुर्चीत बसलोय, माझ्या छातीवर बिल्ले नाहीत, काढू की नको हा प्रश्न माझ्यापुढं नाहीच, तरी तो विचार माझ्यात जिवंत होतो. तुझ्या परीक्षेतलं ते 'पुनर्घटन' की काय म्हणतात, ते एवढंच आहे. नोट्समध्ये दोन पानं लिहून देतात आणि पोरं पाठ करतात, पण बिल्ल्यांची गोष्ट कोण सांगत नाही.

एक जागा मात्र मला पटत नाही आणि ते सांगून टाकतो. तो लिहितो की नेल्सनचा बेत काय होता यावर इतिहासकार वाद घालतात कारण तो जिंकला, बेत पार पडला म्हणून तो लढाईतनं वाचता येतो. फ्रेंच सेनापती व्हिलनव हरला, म्हणून त्याचा बेत काय होता ते कुणालाच कधी कळणार नाही. वाक्य फक्कड आहे. पण व्हिलनवनं लढाईच्या आधीच आपल्या कॅप्टन लोकांना सूचना दिलेल्या होत्या, आणि त्यात चक्क सांगितलेलं होतं की इंग्रज आपल्या समांतर ओळ धरून लढणार नाहीत, आपली ओळ तोडून मागची जहाजं घेरतील. म्हणजे हरणाऱ्याला सगळं आधी कळलं होतं. त्याच्याकडं उपाय नव्हता एवढंच.

आणि लांब कशाला जायचं? १९६१, १८ डिसेंबर, गोवा मुक्तीची लढाई, मुरगांव बंदर. पोर्तुगीजांची 'अफोंसो दे आल्बुकेर्क' एकटी, समोर आपल्या नेव्हीची 'बेतवा' आणि 'ब्यास'. दुपारच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या, तिचा कॅप्टन जबर जखमी झाला, आणि शेवटी जहाज बांबोळीच्या बाजूला किनाऱ्यावर नेऊन घातलं. हरणाऱ्यांचा बेत काय होता? तो तर लेखी आहे! पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा हुकूम होता की शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर वासालो ई सिल्व्हानं तो मानला नाही, दुसऱ्याच दिवशी शरण आला, आणि त्यामुळं पणजी शाबूत राहिली. इथं जिंकलेल्याच्या बेतापेक्षा हरलेल्यानं न पाळलेला बेतच जास्त बोलका आहे, आणि तो हरल्यामुळं पुसला गेलेला नाही. तेव्हा परीक्षेत कॉलिंगवुड लिही, पण शेवटी दोन ओळी व्हिलनववर आणि दोन ओळी मुरगांववर टाक, तपासणारा दचकेल तरी.

आजोबांसाठी एक बोनस. 'अफोंसो' जहाज बांधलेलं टाइन नदीवर. 'बेतवा' आणि 'ब्यास' पण टाइन नदीवरच्याच कारखान्यातल्या. म्हणजे मुरगांवला ज्या तीन बोटी एकमेकींवर आग ओकत होत्या त्या तिघी एकाच नदीच्या लेकी, आणि त्या नदीच्या तोंडाशी टाइनमथला उंच चबुतऱ्यावर कोण उभा आहे? ऍडमिरल कॉलिंगवुड, पायाशी 'रॉयल सॉव्हरिन'च्या चार तोफा घेऊन. पैज हरल्याचं दुःख यानं थोडं कमी होईल.

म्हापशाहून, क्रिकेटवेडा असं सही करणारे वाचक : कॉलिंगवुडचं राहू द्या मास्तर, माझा प्रश्न बोझनकेट. गुगली शोधणारा बर्नार्ड बोझनकेट हाच तो तत्त्वज्ञ का? आमच्या ग्रुपवर एकानं तसं टाकलंय आणि वर म्हणतो त्याचा भाऊ नेव्हीत ऍडमिरल होता. हे सगळं एकाच घरात?

हाहा. तुमच्या ग्रुपवाल्यानं तीन माणसांची भेळ केलीय, पण एक गोष्ट त्याची बरोबर आहे, आणि ती नेमकी तुम्हाला खोटी वाटतेय.

तत्त्वज्ञ बर्नार्ड बोझनकेट, १८४८ ते १९२३. त्याचा थोरला भाऊ डे बोझनकेट खरोखरच ऍडमिरल होता, १८४३ ते १९२३. हो, दोघं भाऊ एकाच वर्षी गेले. तर कॉलिंगवुडच्या बाबतीत आडनावावरून मी नातं लावलं आणि तोंडावर आपटलो, आणि इथं लावायला पाहिजे तर तुम्ही लावत नाही. म्हणून म्हणतो आडनावावर जाऊ नका, दोन्हीकडून.

घराणं मूळचं फ्रान्सचं, प्रॉटेस्टंट. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं प्रॉटेस्टंटांना दिलेली मुभा काढून घेतली तेव्हा हजारो लोक पळाले, त्यातच हे इंग्लंडला आले आणि व्यापारात शिरून बस्तान बसवलं. देव घेऊन पळालेल्या लोकांची गोष्ट गोंयकाराला वेगळी सांगायला नको, आमचे देव पण रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला आलेत. म्हणून त्यांच्या आडनावाचा उच्चार इंग्रज 'बोझनकेट' करतात आणि स्पेलिंग मात्र फ्रेंच वळणाचं.

ऍडमिरल भाऊ १८९९ ते १९०२ ईस्ट इंडीज स्टेशनचा मुख्य होता, म्हणजे हिंदी महासागरातलं ब्रिटिश आरमार त्याच्या हाताखाली, आपला अरबी समुद्रपण त्यात आला. नंतर साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर, १९०९ ते १९१४. आणि बघा, ज्या १८९९ मध्ये थोरला भाऊ इकडं साम्राज्याची जहाजं सांभाळायला आला त्याच वर्षी धाकट्याचं राज्यसंस्थेच्या तत्त्वज्ञानावरचं मोठं पुस्तक आलं. त्यात त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की राज्य म्हणजे बाहेरून लादलेला दंडुका नव्हे, माणसाच्या खऱ्या इच्छेचं ते मोठं रूप आहे, मला या क्षणी काय वाटतं ते वेगळं आणि नीट विचार केला तर मला खरोखर काय हवंय ते वेगळं, आणि राज्य त्या दुसऱ्याच्या बाजूनं उभं असतं. ऐकायला गोड आहे. पण ज्याच्या दारात दुसऱ्याची गनबोट उभी आहे त्याला विचारा तुझी खरी इच्छा कुठली ते. पहिल्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा हॉबहाउस नावाच्या प्राध्यापकानं त्याच्यावर जोरदार टीका करणारं पुस्तक लिहिलं, १९१८ मध्ये आलं ते, त्याचं म्हणणं या बॉम्बचं मूळ हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाच्या राज्यपूजेत आहे, आणि बोझनकेट त्याच वाटेचा. जरा जास्तच झालं ते, बोझनकेट बिचारा लंडनच्या गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेत वर्षानुवर्षं खपला होता, ऑक्सफर्डची नोकरी सोडून, आणि त्याची बायको हेलन तर गरिबांच्या कायद्यावरच्या सरकारी कमिशनवर होती. पण दारातल्या गनबोटीचा मुद्दा माझ्या मते उरतोच.

आता गुगलीवाला. तो बर्नार्ड जेम्स टिंडल बोझनकेट, जन्म १८७७, घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला, पण तत्त्वज्ञ नव्हे. टेबलावर टेनिसचा बॉल टप्पा पाडून समोरच्याला चकवायचा एक खेळ तो खेळायचा, त्यातनं त्याला सुचलं की लेगब्रेकसारखाच हात फिरवून बॉल उलटा वळवता येतो. मग तो मॅचमध्ये टाकायला लागला. १९०० साली लॉर्ड्सवर लेस्टरशरच्या कोला त्यानं असा बॉल टाकला की तो चार टप्पे पडत गेला, आणि को ९८ वर स्टंप आउट! विचार करा, शतकाला दोन रन कमी आणि चार टप्प्यांच्या बॉलवर आउट. आमच्या गावच्या शेतातल्या मॅचमध्ये असं झालं असतं तर बॅट्समननं स्टंप उपटून घरी नेले असते. पुढं १९०४ ला सिडनीला ५१ रनांत ६ विकेट, १९०५ ला ट्रेंट ब्रिजला १०७ रनांत ८, दोन्ही ऑस्ट्रेलियाविरुद्ध. ऑस्ट्रेलियात त्या बॉलला कित्येक वर्षं 'बोझी'च म्हणायचे, आणि गंमत म्हणजे 'बोझी' नाव तिथं जोरात होतं त्याच सुमाराला त्यांच्या एका राज्याचा गव्हर्नर पण बोझनकेटच.

ग्रुपवर हे टाका आणि वर लिहा, तत्त्वज्ञाचा हात एकाच बाजूला वळायचा.

साखळीहून एक शिक्षिका : तुम्ही बोझनकेट, कॉलिंगवुड यांना आयडियलिस्ट म्हणता. म्हणजे आदर्शवादी ना, साने गुरुजींसारखे?

बाई, हा घोटाळा भाषांतरातला आहे आणि तुमचा दोष नाही. बोलताना आयडियलिस्ट म्हणजे ध्येयवादी, ते वेगळं. तत्त्वज्ञानात त्याला मराठीत चिद्वाद हा शब्द आहे, चित् म्हणजे जाणीव, मन. जग हे मनापासून, विचारापासून सुटं असं काही नाही, ते कळतं तेच मुळी विचारांच्या जाळ्यात, असा तो पक्ष. इंग्लंडात ग्रीन, ब्रॅडली, बोझनकेट ही त्यातली मोठी नावं, साधारण १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांचा जोर, आणि मग रसेल आणि मंडळींनी त्यांची पार वासलात लावली. कॉलिंगवुड उशिरा आला, लोक त्याला त्याच पंगतीत बसवतात पण त्याला स्वतःला ते लेबल नको होतं. ऑक्सफर्डला ज्या खुर्चीवर तो होता तिच्यावर त्याच्यानंतर गिल्बर्ट राइल बसला, मन नावाची वेगळी वस्तूच नाही म्हणणारा, म्हणजे देवळातली मूर्ती काढून तिथं मूर्तीच नको म्हणणारा पुजारी नेमावा तसं.

साने गुरुजी ध्येयवादी होते, आणि अद्वैत मानायचे म्हणून थोडेसे चिद्वादी पण म्हणता येतील. पण पोरांना हे सांगत बसू नका, पेपरात मार्क जातील.

साष्टीहून एक वाचक : आमच्या वाड्यावर बारा घरं आणि बाराही फर्नांडिस, पण एकमेकांत लग्नं होतात. मग हे नातेवाईक की नाही?

नसतील बहुतेक. धर्मांतराच्या वेळी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं नाहीतर गॉडफादर झालेल्या कुणा पोर्तुगीजाचं आडनाव मिळायचं, एका दिवशी एका ठिकाणी जेवढे उभे राहिले तेवढे सगळे एकाच आडनावाचे. तुमचं खरं नातं शोधायचं तर आडनाव बघू नका, गांवकारीत, म्हणजे गावच्या जुन्या मूळ घराण्यांच्या संस्थेत, तुमच्या लोकांचं वांगोड (कूळ) कुठलं ते विचारा, घरात जुनं माणूस असेल तर त्याला अजून ठाऊक असतं. आजच विचारा, गणपती-नाताळवर ढकलू नका.

काणकोणहून, इयत्ता सातवी : मास्तर, ऍडमिरल कॉलिंगवुडकडं कुत्रा होता हे खरं का? बाबा म्हणतात तुम्ही हेपण फेकलं.

बाबांना सांग हे शंभर टक्के खरं. कुत्र्याचं नाव बाउन्स. कितीतरी वर्षं जहाजावर त्याच्याबरोबर होता, तोफा सुरू झाल्या की घाबरून खाली पळायचा. ऍडमिरल लॉर्ड झाला तेव्हा त्यानं घरी पत्रात चेष्टेनं लिहिलं की बाउन्सला आता शिंग फुटलंय, तो लॉर्डचा कुत्रा झाल्यामुळं साध्या लोकांच्या कुत्र्यांशी खेळणं त्याला कमीपणाचं वाटतं. सुट्टीवर घरी असला की ऍडमिरल बाउन्सला घेऊन फिरायला जायचा आणि खिशात ओकच्या बिया भरून न्यायचा, चांगली जागा दिसली की एक बी पुरायची, पुढं कधीतरी आरमाराला लाकूड पाहिजे म्हणून. ओकला जहाजाएवढं व्हायला शंभर वर्षं लागतात आणि तोवर जहाजं लोखंडाची झाली, तो भाग वेगळा. आपल्याकडच्या सागवानाची १८१७ मध्ये मुंबईला वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' मात्र अजून पाण्यावर आहे, इंग्लंडात हार्टलपूलला, त्याच्या न्यूकॅसलपासून फार लांब नाही.

ट्रफॅल्गरनंतर तो घरी गेलाच नाही. रजा मागायचा, सरकार म्हणायचं तुमच्याशिवाय भूमध्य समुद्र कोण सांभाळणार. १८०९ मध्ये बाउन्स रात्री जहाजावरनं समुद्रात पडला आणि गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये शेवटी एकदाची रजा मिळाली, जहाज मिनोर्काहून घराकडं निघालं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऍडमिरल वाटेतच वारला.